आधी पाय, मग हात

खेड्यातल्या हातकामाविषयी बोलण्याची आपली एक ठरीव पद्धत झाली आहे. सणासुदीच्या तोंडावर शहरांत प्रदर्शनं भरतात. बांबूच्या परड्या, घोंगडीच्या पिशव्या, वारली चित्रांचे कप मांडलेले असतात. कारागिराला हातभार लावा, परंपरा जपा, असं आवाहन केलं जातं. रानात फिरण्याविषयीचं बोलणं वेगळं. पावसाळा लागला की निसर्गभ्रमंतीच्या सहली निघतात आणि रानवाटा तुडवल्याने मनावरचा ताण उतरतो, असं पुरवण्यांमधून वाचायला मिळतं. जपानच्या वनविभागाने १९८२ साली ‘शिनरिन-योकू’ म्हणजे वनस्नान ही कल्पना पुढे आणली. आता ती आपल्याकडच्या रिसॉर्टांच्या जाहिरातींतही पोचली आहे. हातकाम वारसा म्हणून जपायचं, भटकंती तब्येतीसाठी करायची. दोन्ही चांगल्या गोष्टी, पण फावल्या वेळेच्या.

ही समजूत उथळ आहे आणि तिने नुकसानही केलं आहे. माझं म्हणणं असं: खेड्याच्या रोजच्या जगण्यात हातकाम आणि रानातलं फिरणं ही दोन कामं कधीच नव्हती. वस्तू घडायला सुरुवात होते ती रानात, पाय फिरतात तिथे. ओसरीवर बसलेल्या हातांत ती फक्त पुरी होते. हे काम मधून तोडलं की कला शोभेपुरती उरते आणि भ्रमंती बघण्यापुरती. म्हणून हस्तकला टिकवायची असेल, तर बाजारपेठ, प्रशिक्षण आणि कर्ज यांच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा. कारागिराला रानात जायची वाट मोकळी आहे का?

## १. वस्तूचा निम्मा निर्णय रानात होतो

### बेटापाशी

टोपली विणताना बघायला सगळ्यांना आवडतं, कारण बोटांची चपळाई डोळ्यांना दिसते. पण टोपली वर्षानुवर्षं टिकणार की दोन महिन्यांत तिचा भुगा होणार, हे बांबूच्या बेटापाशी ठरलेलं असतं.

बांबूचा कोंब पावसाळ्यात निघतो आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. त्यानंतर काठी जाड होत नाही, आतून पक्की होत जाते. त्यामुळे एकाच बेटात पहिल्या वर्षाची, दुसऱ्या वर्षाची आणि तीन-चार वर्षांची काठी शेजारी शेजारी उभी असते, जाडीला साधारण सारखीच. परक्या माणसाला ते सगळे बांबू एकच. बुरूडकाम करणारी बाई मात्र आधी बुंध्याशी वाकते. पेरांवर कोंबाची वाळकी वेष्टणं अजून चिकटलेली आहेत, कांड्यांवर पांढुरकी भुकटी आहे, हिरवा रंग तजेलदार आहे, तर काठी कोवळी. भुकटी झडलेली, हिरवेपणा मळकट झालेला, अंगावर दगडफुलाचे ठिपके चढलेले, तर जून. मग कोयत्याची पाठ काठीवर मारून ती आवाज ऐकते. विणायच्या पात्यांना लवचीक काठी लागते, काठाच्या कामट्यांना पक्की. पहिल्या वर्षाच्या काठीला हात लावत नाहीत, कारण पुढचे कोंब तिच्या बळावर येतात. काठी कुठल्या पेरावर तोडायची हेही ठरलेलं असतं. खाली उरलेल्या तुकड्यात पाणी साचलं तर बेट सडतं, म्हणून घाव पेराच्या लगेच वर घालायचा.

कधी तोडायचं, हा वेगळाच निर्णय. कृष्णपक्षात तोडलेल्या बांबूला किडा कमी लागतो, असं कारागीर ठामपणे सांगतात. चंद्राचा भाग बाजूला ठेवला तरी ऋतूचं कारण स्पष्ट आहे. काठीला पोखरणारा किडा तिच्यातल्या पिठूळ साठ्यावर जगतो. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात तो साठा खर्च होतो, म्हणून पाऊस सरल्यावर तोडलेली काठी जास्त टिकते. बेट, काठी, पेर, पंधरवडा अशी निवड झाल्यावर मग कोयता आणि त्यानंतर वीण. जी बाई फक्त वीण शिकली तिला या कामाचं शेवटचं पान तेवढं वाचता येतं.

### तारप्याचा पसारा

पालघर, जव्हार, डहाणू भागातला तारपा हे वाद्य म्हणून सगळ्यांना माहीत आहे. वारली चित्रातल्या गोल नाचाच्या मधोमध तो वाजवणारा उभा असतो. त्याचे भाग मोजले की कळतं, तो बनवणाऱ्याला किती ठिकाणी जावं लागतं. वाळलेला भोपळा परसातला. नळ्या बांबूच्या. पुढचा लांब कर्णा ताडाच्या पानांचा. सांधे बुजवायला मधमाश्यांच्या पोळ्याचं मेण. भोपळा वेलीवरच वाळेपर्यंत थांबायचं, पानं कोवळी की जून हे ताडाखाली उभं राहून ठरवायचं, पोळं कुठल्या दरडीला आहे हे आधीपासून माहीत असायला हवं. इतकी ठिकाणं आणि इतक्या वेळा ज्याच्या डोक्यात पक्क्या बसल्या आहेत, तोच तारपा बनवू शकतो. वाद्याचा सांगाडा मागवून घेता येतो, हे ध्यान मागवता येत नाही.

बाकीच्या वस्तूंचीही तीच गत. पत्रावळीसाठी माळावरचा पळस, केरसुणीसाठी ओढ्याकाठची शिंदी, दाव्या-कासऱ्यांसाठी बांधावरची अंबाडी आणि केकताड, इरल्यासाठी बांबू आणि वरून रुंद पानं. घरातल्या वस्तू नुसत्या समोर मांडल्या तरी शिवाराचा कोणता कोपरा कोणत्या महिन्यात तुडवला जातो, ते सांगता येतं. या माणसांना फिरायला जायला वेगळी सवड काढावी लागली नाही, कारण ती फिरतच होती.

## २. कामासाठी चालणाऱ्याला जास्त दिसतं

### दांडेलीचे काटे

रान बघायला जाणारा आणि रानातून काही आणायला जाणारा यांच्या नजरेत फरक पडतो, हे सिद्ध करायला उत्तर कन्नड जिल्ह्यातलं एक प्रकरण पुरेसं आहे. दांडेलीच्या कागद कारखान्याला सरकारी जंगलातला बांबू टनाला दीड रुपया अशा नाममात्र दराने दिला गेला होता. टोपल्या विणणाऱ्या मेदार लोकांना तोच बांबू बाजारभावाने, म्हणजे त्याच्या कित्येक पट पैसे मोजून घ्यावा लागे. बेटं झपाट्याने विरळ होत गेली, टोपलीवाल्यांनी तक्रार केली आणि सत्तरच्या दशकात कर्नाटक सरकारने पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांना अभ्यास करायला सांगितलं. तोपर्यंत दोष गावकऱ्यांच्या माथी मारला जात होता: त्यांची गुरं, त्यांचे कोयते, त्यांचे वणवे.

गाडगीळ बेटांपर्यंत गेले तेव्हा दिसलं ते वेगळंच. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. शास्त्रोक्त व्यवस्थापन म्हणून ते साफ केलं जात होतं. बुडाशी मोकळं झालं की कोंब जोमाने येतील, असा हिशेब होता. गावकरी म्हणत होते, काटे काढू नका. काटे आहेत म्हणून कोवळ्या कोंबापर्यंत गुरांचं आणि रानातल्या जनावरांचं तोंड पोचत नाही. मोजमाप केल्यावर गावकऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं. साफ केलेल्या बेटांतले कोंब खाल्ले जात होते.

### त्यांना हे कसं कळलं

गावकरी निसर्गाच्या जवळ असतात, त्यांना उपजत कळतं, असं उत्तर द्यायचा मोह होतो. ते उत्तर मला मान्य नाही, कारण त्यात त्यांच्या मेहनतीचा अपमान आहे. उपजत काही नव्हतं. काठी तोडायला दरवर्षी त्या काट्यांत हात घालावा लागतो. हात ओरबाडून निघतो तेव्हा काटे कुठे दाट, कुठे विरळ, कोंब कुठे वाचला, कुठे कुरतडला गेला हे बघितलंच जातं. पुढच्या वर्षी त्याच बेटावर परत यायचं असतं, म्हणून ते लक्षातही राहतं. वनखात्याच्या नोंदवहीत टनांचा आकडा होता. काट्यांसाठी तिच्यात रकानाच नव्हता.

निसर्गवाटेवर पक्ष्याचं नाव सांगणारा मार्गदर्शक अडाणी असतो, असं मला म्हणायचं नाही. ते ज्ञान खरं आहे आणि हवं आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी होते, तरी त्यांच्या लेखनातला मोठा शब्दसाठा त्यांना रानात राहणाऱ्या, रानावर पोट असणाऱ्या माणसांकडून मिळाला. पण नाव माहीत असणं ही सुरुवात आहे. या झाडाचं काय होतंय, गेल्या सालापेक्षा काय बदललं, हे ज्याचा त्या झाडाशी व्यवहार आहे त्याला आधी समजतं. वर्षातून एकदा, पाऊलवाट न सोडता, कशालाही हात न लावता केलेल्या भ्रमंतीत ते समजायची सोय नाही.

## ३. वाट अडली की कला मरते

### कायद्यातला बांबू

बांबू हे गवत आहे. तरी १९२७ च्या भारतीय वन कायद्याने झाडाच्या व्याख्येत बांबूही घातला. त्यामुळे तोडायला परवानगी, न्यायला पास. आणि जंगलातला बांबू ही सरकारची मालमत्ता. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बेटांवर जाणं होतं तिथे बुरूड चोर ठरला. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि गावाच्या सामूहिक वनावर ग्रामसभेचा हक्क मान्य केला, तरी कागदावरचा हक्क कोयत्यापर्यंत यायला वेळ लागला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला. त्यानंतरही बांबूची वाहतूक कोणाच्या परवान्याने करायची, यावर वनखातं अडून बसलं. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. जंगलाबाहेर, शेताच्या बांधावर वाढलेला बांबू ‘झाड’ या व्याख्येतून सुटायला २०१७ साल उजाडलं. नव्वद वर्षं. एवढ्या काळात बुरुडांच्या किती पिढ्या ओसरीवरून उठून मजुरीला गेल्या असतील?

काही जिल्ह्यांत नोंदणी झालेल्या बुरुडांना सवलतीच्या दराने बांबू मिळतो. मदत म्हणून ती ठीक आहे, पण वर सांगितलेली सगळी निवड तिथे दुसऱ्याच्या हाती जाते. काठी कोणत्या वर्षाची, कोणत्या पंधरवड्यात तोडली, किती दिवस उन्हात पडली, यावर घेणाऱ्याचा काहीच ताबा राहत नाही. आलेल्या गठ्ठ्यातून जमेल ते विणायचं. टोपली लवकर भुग्याला लागली की गिऱ्हाईक म्हणतं, पूर्वीसारखं काम राहिलं नाही.

### मेंढी बदलली, घोंगडी गेली

घोंगडीचं दुखणं जंगलातलं नाही, माळावरचं आहे. दख्खनी मेंढीची काळी, जाडीभरडी लोकर, ती कातरून, पिंजून काढलेलं सूत, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ आणि मग माग. या साखळीची पहिली कडी म्हणजे धनगराचं चालणं. पाऊसकाळ संपला की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं, वाटेत रिकाम्या रानांत मेंढ्या बसवायच्या, शेतकऱ्याला खत आणि धनगराला धान्य, आणि उन्हाळा सरताना माघारी. ही वाट ज्या पडीक जमिनींवरून, गायरानांवरून आणि कापणी झालेल्या शेतांतून जायची त्या कमी होत गेल्या. उसाचं शेत बारा महिने मोकळं होत नाही. दुसरीकडे मटणाचा भाव वाढला आणि लोकरीचा बसला. मग माडग्याळसारखी थोराड अंगाची, लोकर कमी असलेली मेंढी कळपात येणं साहजिकच होतं. धनगराचा हिशेब चुकला नाही. पण दख्खनी मेंढी विरळ झाल्यावर घोंगडीच्या विणीचं प्रशिक्षण कितीही दिलं तरी सूत कुठून आणणार? बाहेरच्या लोकरीची, यंत्राच्या सुताची घोंगडी बाजारात मिळते, हे त्याचंच उत्तर आहे.

### योजनेत न विचारलेला प्रश्न

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. टोपल्या, चटया आणि झाडू बनवणारेही त्यांत आहेत. ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत, आधी १ लाख आणि मग २ लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाने कर्ज अशी तिची मांडणी. हातकामाला सरकारने व्यवसाय मानलं, ही मोलाची गोष्ट आहे. तरी या मांडणीत कारागीर म्हणजे अवजारं घेऊन बसलेला माणूस, असं गृहीत आहे. टोपलीवालीचा बांबू, झाडूवाल्याची शिंदी, कुंभाराची तळ्यातली माती कुठून येणार आणि तिथे जायचा हक्क कोणाचा, हे विचारलेलं नाही. नवा कोयता घेऊन टोपलीवाली बेटाकडे निघाली तर गुन्हा नोंदला जाण्याची शक्यता आजही आहेच.

## आक्षेप पहिला: ही तर जातीची कामं

हा सगळ्यात गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणारा माणूस खेड्याविषयी बोलायला लायक नाही. टोपली बुरुडाने किंवा कैकाड्याने विणायची, दोर आणि केरसुणी मातंगाने करायची, मडकं कुंभाराने. यात आवडीला जागा नव्हती. बलुत्यातलं धान्य मिळेल तेव्हा, मिळेल तेवढं. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’त (१९८०) गाढवांवर बिऱ्हाड लादून, फोकांच्या टोपल्या विणून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबाचं आयुष्य आहे. ते फिरणंही रानातलंच होतं. त्याला निसर्गभ्रमंती म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा जमातींच्या नुसत्या फिरण्यालाच गुन्हा ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, संशय गेला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवीकरणावर जे कठोर बोल सुनावले, ते या अनुभवातूनच. मग हात आणि रान यांचं नातं जुळवा म्हणणं म्हणजे या जातींच्या मुलांना पुन्हा बापाच्या कामाला बांधणं नव्हे काय?

बांधणं असेल तर माझा त्याला विरोध आहे. ज्याला काम सोडायचं आहे त्याला सोडता आलंच पाहिजे, आणि त्यासाठी शाळा, वसतिगृह, आरक्षण यांना काहीही पर्याय नाही. पण आक्षेप घेणाऱ्यांनी दुसरी बाजूही बघावी. जातीने या माणसांवर काम लादलं आणि त्या कामाला लागणारी जमीन, बेट, ओढा यांच्या मालकीपासून त्यांना दूर ठेवलं. लादणं आता सैल झालं आहे. दूर ठेवणं मात्र तसंच आहे, आणि प्रदर्शनातल्या टेबलामुळे त्यात काही फरक पडत नाही. टेबलावरच्या वस्तूचं कौतुक होतं. तिचा कच्चा माल खात्याचा असतो आणि नफा बहुधा मधल्या व्यापाऱ्याचा.

### पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

वनहक्क कायद्याचंच बघा. आदिवासी नसलेल्या पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षं, त्या भागात राहत असल्याचा आणि रानावर अवलंबून असल्याचा पुरावा मागितला जातो. ज्याला गावात घर बांधायला जागा नव्हती, सातबारावर ज्याच्या आजोबाचं नाव येण्याची शक्यताच नव्हती, त्या बुरुडाने पंचाहत्तर वर्षांचा कागद आणायचा कुठून? भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा हक्क याच कायद्यात लिहिलेला आहे, पण तो मिळाल्याची उदाहरणं शोधावी लागतात. जातीचा प्रश्न खरा मानणाऱ्यांनी लढण्याची ही जागा आहे. मेंढा-लेखात बांबू एका जातीचा झाला नाही, ग्रामसभेचा झाला. विक्रीची निविदा तिने काढली, निर्णय तिने घेतला. रानाकडे जाणारी वाट गावातल्या सगळ्यांची झाली, तर ते काम जातीच्या दावणीतून सुटायची शक्यता निर्माण होते.

## आक्षेप दुसरा: प्लास्टिकची पाटी स्वस्त आहे

स्वस्त आहे, आणि ज्या बाईला पाटीतून शेण वाहायचं आहे तिने ती घ्यावी. सगळ्या जुन्या वस्तू परत याव्यात, असं माझं म्हणणं नाही. धान्याची कणगी गेली आणि पत्र्याची कोठी आली, तेव्हा घुशी-उंदरांपासून धान्य वाचलं. इरल्याच्या जागी मेणकापड आलं, तेही समजण्यासारखं आहे. पण तांदूळ धुवायची रोवळी, पाखडायचं सूप, कोंबड्या झाकायचं डालगं यांचं काम विणीवर अवलंबून आहे. सुपाच्या खरखरीत विणीवर दाणा धरला जातो आणि फोल पुढे सरकतं. गुळगुळीत प्लास्टिकवर दोन्ही एकदमच घसरतात. या वस्तूंना आजही गिऱ्हाईक आहे. आठवडी बाजारात त्या कमी दिसतात याचं कारण बहुतेक ठिकाणी मागणीपेक्षा पुरवठ्यात आहे, आणि पुरवठा कुठे अडला ते वर आलंच आहे.

## आक्षेप तिसरा: माणसं रानात गेली तर रान उरेल का

दांडेलीने याचं अर्धं उत्तर दिलं आहे. उरलेलं अर्धं सोपं नाही. गावाचा हात लागला की रान राखलं जातं, असा नियम नाही. उजाड गायरानं आणि फांद्या ओरबाडलेले पळस आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. फरक पडतो तो पुढच्या वर्षी इथे यायचा हक्क आहे की नाही, याने. आज आहे, उद्या सांगता येत नाही, अशी स्थिती असली की कोवळी-जून न बघता कोयता चालतो. खातरी असली की पहिल्या वर्षाची काठी सोडली जाते. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा गावांनी आपल्या नेमांनी राखलेली मोठी झाडी नोंदली गेली. त्या नेमांमागे देवाची भीती होती हे खरं. ग्रामसभेच्या नेमांमागे ठराव, फेरपाळीची तोड आणि दंड असेल. भीतीपेक्षा ठराव मला जास्त भरवशाचा वाटतो.

## शहरातल्या छंदाचं काय

शहरात बसून कोणी वारली चित्र काढतो, क्रोशे विणतो, रविवारी टेकडीवर जातो. त्याने ते करू नये असं मी का म्हणेन? त्यातून मनाला विसावा मिळतो आणि विसाव्याची गरज सगळ्यांना आहे. फक्त त्या अनुभवावरून खेड्यातल्या हातकामाचं धोरण ठरवू नये. वारली चौक लग्नघरात सवाष्णी काढायच्या. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. जिव्या सोमा मशे यांनी तो भिंतीवरून कागदावर आणला आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतली झाडं, मुंग्या, जाळं टाकणारे कोळी हे सगळं रोजच्या फिरण्यातून आलेलं आहे. कपावर छापलेल्या आकृत्यांत ती झाडं ओळखता येत नाहीत, सगळी एकसारखी असतात.

## शाळेचे दहा दिवस

आता करायचं काय? माझ्या मते सुरुवात शाळेतून करता येते, कारण तिथे दार आधीच किलकिलं आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि हस्तोद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणायचं ठरलं. पुढे बऱ्याच ठिकाणी त्या विचारातली टकळी तेवढी उरली, वर्गात बसून फिरवायची. कापूस कुठल्या शेतातला, हे मुलांनी चालत जाऊन बघायचा भाग गळून पडला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना आहेत. सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक कारागिरांबरोबर ते घालवायचे आहेत. बहुतेक शाळा ते कार्यशाळा भरवून उरकतील: कारागीर वर्गात, साहित्य टेबलावर, तासाभरात परडी.

त्याऐवजी हे दिवस सलग न घेता ऋतूंत वाटावेत. पळसाची पानं काढायला एक दिवस, शिंदीसाठी एक, आणि बांबूसाठी पाऊस सरल्यावरचे निदान तीन: एक नुसता बेटं बघायचा, एक तोडायचा, एक चिरायचा. वीण त्यानंतर. शिकवणारी बुरूड बाई असेल तर तिला साडीचोळी आणि श्रीफळ देऊन परत पाठवू नये, शाळा पाहुण्या व्याख्यात्याला देते ते मानधन तिला द्यावं. मुलांच्या गटात सगळ्या जातींचे मुलगे आणि मुली असाव्यात आणि कोयता प्रत्येकाच्या हाती यावा. आणि तारखा ठरवण्याआधी शाळेने ग्रामसभेचा ठराव घ्यावा, जिथे सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे त्याची प्रत जोडावी आणि वनरक्षकाला आगाऊ कळवावं. नाहीतर तीस मुलांसमोर काठी तोडणाऱ्या त्या बाईवरच पंचनामा होईल, आणि मुलं त्या दिवशी शिकतील ते तेवढंच.